भंगारवाल्याच्या आधी: केबलवाल्याची जुनी छत्री घरी आणताना

जुन्या वस्तीतल्या एखाद्या गच्चीवर अजूनही आठ-दहा फुटांची छत्री, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल पकडणारी मोठी डिश, आकाशाकडे तोंड करून बसलेली दिसते. खालचं केबलचं ऑफिस जाऊन तिथे झेरॉक्सचं दुकान आलं, पोरं मोबाईलवर मॅच बघतात, छत्री मात्र तिथेच. तिच्यात पाचोळा साचतो, काठावर कबुतरं बसतात आणि एक दिवस सोसायटी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढते. मग भंगारवाला ग्राइंडर घेऊन येतो आणि अर्ध्या तासात तिचे तुकडे किलोच्या भावाने जातात. ज्यांना त्याच्या आधी पोचायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

या छत्र्या आल्या त्या नव्वदच्या दशकात. १९९१ च्या आखाती युद्धाची दृश्यं सीएनएनवर थेट दिसली, त्याच वर्षी एशियासॅट-१ या उपग्रहावरून स्टार टीव्ही सुरू झाला आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये झी आला. ज्याच्याकडे थोडं भांडवल आणि भरपूर धाडस होतं त्याने गच्चीवर छत्री ठोकली आणि खांबाखांबावरून वायरी ओढल्या. २०१२ मध्ये मुंबईत आणि २०१३ मध्ये पुणे, नाशिक, नागपुरात केबल डिजिटल करणं सक्तीचं झालं. सिग्नल मोठ्या कंपनीच्या केंद्रातून फायबरने यायला लागला आणि गल्लीतल्या छत्रीला काम उरलं नाही. म्हणजे यातल्या बऱ्याचशा छत्र्या धडधाकट असतानाच निवृत्त झाल्या आहेत.

घरी आणून काय मिळतं? सी-बँडवरच्या, म्हणजे मोठ्या छत्रीने पकडायच्या लहरींच्या पट्ट्यावरच्या फुकट वाहिन्या, महिन्याचं भाडं न भरता. पैसे भरून बघायच्या कुलूपबंद वाहिन्या यावर दिसणार नाहीत, ती आशा आत्ताच सोडा. दुसरा फायदा पावसाळ्यात कळतो. घरावरची छोटी डिश केयू-बँड या आखूड लहरींच्या पट्ट्यावर चालते आणि जुलैतली मोठी सर आली की चित्र गोठतं. सी-बँडच्या लहरी लांब असतात, पावसाला त्या फारशा दाद देत नाहीत.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात घ्या. या सगळ्या सरंजामात एलएनबी (थाळीने गोळा केलेला सिग्नल टिपून केबलमध्ये सोडणारा डबा) काहीशे रुपयांत नवा मिळतो, केबल मिळते, सेट-टॉप बॉक्स मिळतो, पोल वेल्डर करून देतो. बाजारात सहज मिळत नाही तो थाळीचा आकार. पुढे जे जे सांगतो आहे ते त्या आकाराला धक्का न लावण्यासाठी.

बघायला जाताना सुतळी न्या

छत्री तीन प्रकारची निघते. पाकळ्या जोडून केलेली ॲल्युमिनियमच्या जाळीची, लोखंडी पत्र्याची, आणि फायबरची. नवशिक्याने आठ फुटी जाळीची घ्यावी. दोघांत उचलते, पाकळ्या सुटतात, टेम्पोत बसते. फायबरचीही चांगली, पण चार माणसं लागतात. तिच्यात सिग्नल परतवणारा धातूचा थर पृष्ठभागाखाली दडलेला असतो, म्हणून नाण्याने ठिकठिकाणी टकटक करून बघा. आवाज एकसारखा टणक यायला हवा. कुठे पोकळ भद्द आवाज आला तर थर सुटलाय, ती सोडून द्या. पत्र्याची असेल तर पाठीमागून बघा. समोरून रंगवलेली छत्री मागून गंजून चाळण झालेली मी पाहिली आहे. बारा आणि सोळा फुटींच्या मोहात पडू नका. त्या फुकट मिळतात, पण उतरवायचा खर्च फुकट नसतो.

आता सुतळी. छत्रीच्या काठावर समोरासमोर दोन बिंदूंना एक सुतळी ताणून बांधा. तिला काटकोनात दुसरी. दोन्ही मध्यावर एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत. मध्ये फट राहिली किंवा एकीने दुसरीला दाबलं, तर काठ पिळलेला आहे. खालची सुतळी वर घेऊन पुन्हा बघा, म्हणजे फसगत होणार नाही. सी-बँडची लहर साधारण साडेसात सेंटीमीटरची; पृष्ठभाग चार-पाच मिलिमीटरपर्यंत इकडेतिकडे असला तर चालून जातं. फट बोटभर असेल तर मात्र विचार करा. पाकळ्यांची छत्री कधीकधी नुसते नट सैल झाल्याने पिळते, ती जोडताना सरळ होते. फायबरची पिळली की पिळलीच.

सुतळ्या बांधलेल्या आहेत तोवर एक माप घेऊन ठेवा: त्या जिथे एकमेकींना ओलांडतात तिथून थाळीच्या तळापर्यंतची खोली. हे माप पुढे लागणार आहे.

उतरवणं: इथेच छत्र्या मरतात

माझी पहिली छत्री मी उतरवतानाच मारली. तीन मजली इमारत, आठ फुटी जाळी, आम्ही तिघं. सुटी करायला वेळ लागेल म्हणून अख्खी दोरीने सोडायची ठरवली. दुसऱ्या मजल्याशी वारा आला, छत्री फिरली आणि तिचा काठ सज्जावर आपटला. खाली उतरली तेव्हा लांबून चांगली गोल दिसत होती. दोन महिने मी एलएनबी बदलले, बॉक्स बदलला, केबल बदलली. शेवटी आमच्या भागातले जुने केबलवाले काका सहज म्हणून आले, काठाला डोळा लावून बघितलं आणि म्हणाले, "अरे, ही पुरी झालीय पुरी. मधे फुगलीय. आणि तू एलएनबीला शिव्या घालतोयस!"

दुसऱ्या वेळी काका सोबत होते. त्यांची पद्धत सांगतो.

काम सकाळी लवकर, वारा पडलेला असताना. आदल्या संध्याकाळी जाऊन प्रत्येक नट-बोल्टवर गंज सोडवायचं तेल किंवा नुसतं रॉकेल सोडून यायचं. रात्रभरात ते आत झिरपतं. त्याच फेरीत दोन गोष्टी बघून घ्यायच्या. गांधीलमाश्यांचं पोळं आहे का, कारण थाळीच्या मागची सावलीची जागा त्यांना फार आवडते. आणि आजूबाजूला विजेची तार किती लांब आहे. पोल आडवा होताना कुठवर पोचेल याचा अंदाज घ्या. तार त्या टप्प्यात असेल तर वीज मंडळाला सांगून लाइन बंद केल्याशिवाय हात लावू नका. जुन्या वायरी मेल्यात असं धरून चालू नका, टेस्टर लावा.

सोडवण्याआधी फोटो काढा: समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, आणि फीडचा, म्हणजे थाळीसमोर दांड्यांवर बसवलेल्या एलएनबीच्या नळीचा, जवळून. थाळीच्या तळापासून फीडच्या तोंडापर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि हातावर नाही, वहीत लिहा. मग फीड आणि तिला धरणारे दांडे काढा. आता प्रत्येक पाकळीवर मागच्या बाजूने ऑइलपेंटने नंबर टाका आणि शेजारच्या दोन पाकळ्यांच्या सांध्यावर एक आडवी रेघ मारा, अर्धी या पाकळीवर, अर्धी त्या पाकळीवर. जोडताना रेघा जुळल्या की आकार जुळला. पाकळ्या वरवर सारख्या दिसतात, पण पंचवीस वर्षं शेजारी शेजारी बसून त्यांची भोकं एकमेकींच्या मापाची झालेली असतात. नंबराशिवाय जोडलेली छत्री कुठे ना कुठे ताण घेतेच.

जो नट हलत नाही त्याच्यावर हातोडी चालवू नका. हातोडीचा दणका नटापेक्षा जाळीला आधी लागतो. सरळ आरी लावून बोल्ट कापा. नवा बोल्ट काही रुपयांचा आहे. काढलेले नट-बोल्ट डब्यात टाका, पण जोडताना सगळे नवे वापरा, शक्यतो स्टेनलेस स्टीलचे. पाकळ्या एकेक करून जिन्यावरून खाली आणा. टेम्पोत त्या उभ्या ठेवा, मध्ये गोणपाट घाला. पाकळीवर पाकळी रचून वर लोखंडी रिंग ठेवली की रस्त्यातले खड्डे उरलेलं काम करतात.

फायबरची छत्री अखंड असते. ती पोलवरून काढल्यावर तोंड खाली करून सपाट जागी ठेवा, म्हणजे काठ सगळीकडून टेकतो. पाठीवर ठेवली तर डुगडुगते आणि कोणीतरी हमखास तिच्यात बसून फोटो काढतं.

गच्चीत पोल जिथे रोवलेला होता ते भोक बुजवून, वॉटरप्रूफिंगचं मिश्रण लावूनच निघा. फुकट छत्री दिलेल्या माणसाच्या छतातून पावसाळ्यात पाणी गळलं तर दुसरी कुणी देणार नाही. आणि छत्री नेतोय, अशी मालकाची दोन ओळींची चिठ्ठी घ्या.

धुणं, रंग, जाळी

साबणाचं पाणी आणि मऊ कुंचा पुरतो. वाळल्यावर लोखंडी भागांना पॉलिश पेपर, मग रेड ऑक्साइड, मग रंग. थाळीच्या आतल्या बाजूला रंग लावायचा असेल तर मॅट करडा किंवा मॅट पांढरा, एकच पातळ हात. चकचकीत किंवा चंदेरी रंग लावला तर सूर्य समोर आल्यावर थाळी आरशाचं काम करते आणि उष्णता नेमकी एलएनबीवर गोळा होते. त्याचं प्लास्टिकचं झाकण वितळतं. म्हणूनच जोडणी करताना चकचकीत थाळी उन्हाकडे तोंड करून ठेवू नका. आठ फुटी थाळीवर भर दुपारी साडेचार किलोवॅटच्या आसपास ऊन पडतं. ते जिथे एकवटतं त्या बिंदूत हात गेला तर भाजतो, डोळे गेले तर त्याहून वाईट.

जाळी फाटली असेल तर घाबरायचं कारण नाही. लहरीच्या लांबीच्या दहाव्या हिश्शाहून भोक लहान असलं की लहरीला ते दिसत नाही, तिच्या दृष्टीने तो पत्राच. आपल्या बाबतीत हे माप सात मिलिमीटर. बाजारात पाच मिलिमीटरची जाळी मिळते, ती घ्या. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहिली असेल तर तिथेही हाच हिशोब आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या, आणि त्यांचा पृष्ठभाग म्हणजे बारीक तारेची जाळी, भोकं १० ते २० मिलिमीटरची. त्यांच्या लहरी २१ सेंटीमीटर आणि त्याहून लांब, म्हणून तेवढं मोठं भोक चालतं. त्याही आधी, १९७५-७६ मध्ये, इस्रोच्या 'साइट' या उपग्रहावरून टीव्ही पोचवायच्या प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही पोचला तो कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या तीन मीटरच्या छत्र्यांवर. वारंवारता ८६० मेगाहर्ट्झ, लहर ३५ सेंटीमीटरची. ते वाचून खुराड्याची जाळी आपल्या छत्रीला ठोकू नका. सी-बँडच्या चार हजार मेगाहर्ट्झला ती गाळणी आहे.

ठिगळ लावताना जुनी जाळी कापू नका. नवा तुकडा वरून, जुन्या वळणाला तंतोतंत चिकटेल असा, पॉप रिव्हेटने बसवा. कडा वर उचललेल्या राहू देऊ नका. छोटे पोचे लाकडाची फळी टेकवून अंगठ्याने दाबून निघतात.

पोल ओळंब्यात हवा

वाऱ्याचा हिशोब आधी करू. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. मुंबई-नागपूरला ४४ मीटर. ३९ च्या वेगाला दर चौरस मीटरला सुमारे ९३ किलोंचा रेटा बसतो आणि आठ फुटी थाळीचं क्षेत्रफळ साडेचार चौरस मीटरहून थोडं जास्त. भरीव थाळी असेल तर सव्वाचारशे किलोंच्या वर जोर, तोही पोलच्या टोकाला. जाळीला काहीसा कमी, पण जाळी आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

म्हणून जागा असेल तर छत्री जमिनीवरच लावा. अडीच फूट लांब-रुंद आणि तीन फूट खोल खड्डा, जाड भिंतीचा तीन इंची लोखंडी पाइप, त्याच्या बुडाला आडवी सळई वेल्ड केलेली, म्हणजे काँक्रीटमध्ये पाइप फिरणार नाही. काँक्रीट एकास दोनास चार, आणि आठवडाभर पाणी. गच्चीवरच लावायची असेल तर स्लॅबला भोक पाडू नका. लोखंडी चौकट करून तिच्यावर काँक्रीटचे ठोकळे ठेवतात, आणि ती चौकट खालच्या बीम किंवा कॉलमवर येईल अशी बसवतात. हे वजन इमारत पेलेल का, हे इंजिनिअरला विचारा. मला विचारू नका, केबलवाल्यालाही नको.

काँक्रीट ओलं असताना पोलला ओळंबा लावा, दोन बाजूंनी, काटकोनात. पाणसळही चालेल. इथे पाच मिनिटांचा आळस केला तर पुढचे चार रविवार जातात, कारण पोल कलता असेल तर छत्री डावी-उजवी फिरवताना तिची उंचीही गुपचूप बदलत राहते. पोलला अर्थिंगची पट्टी जोडा आणि ती वेगळ्या अर्थपिटात सोडा. मोकळ्या जागेतला उंच लोखंडी खांब विजेला आवडतो.

फीड नेमकं कुठे

आता वहीतली दोन्ही मापं काढा, फीडचं अंतर आणि सुतळीने घेतलेली खोली. काही छत्र्यांचे दांडे मूळचे नसतात, कुणीतरी कधीतरी बदललेले असतात, म्हणून जुन्या अंतरावर आंधळा विश्वास नको. फीडचं अंतर काढायचं सूत्र सोपं आहे: व्यासाचा वर्ग, भागिले खोलीची सोळा पट. थाळी २४४ सेंटीमीटर आणि खोली ४० सेंटीमीटर असेल तर २४४ गुणिले २४४ म्हणजे ५९,५३६, भागिले ६४०, उत्तर ९३ सेंटीमीटर. थाळीच्या तळापासून फीडचं तोंड इतकं दूर हवं, आणि काठावरच्या चार बिंदूंपासून त्याचं अंतर सारखं हवं. चार मापांत एक सेंटीमीटरचा फरक निघाला तर दांडे वाकवून, वॉशर घालून दुरुस्त करा. ९३ ला २४४ ने भागलं की ०.३८ येतं, एलएनबीभोवतीच्या कंगोऱ्यांच्या गोल रिंगवर किंवा नळीवर असे आकडे कोरलेले असतात, त्या खुणेवर रिंग सरकवा.

जुनी फीड वापरणार असाल तर आधी नळीत टॉर्च मारून बघा. एकदा मला आत छान लिंपलेली, वाटाण्याएवढ्या तोंडाची मातीची कुपी सापडली होती. कुंभारीण माशीचं घर. ओली माती लहर खाऊन टाकते. घर काढलं, नळी पुसली आणि तोंडावर आइस्क्रीमच्या डब्याचं पातळ प्लास्टिक झाकण कापून बसवलं, ते अजून टिकून आहे.

एलएनबी मात्र नवा घ्या, आणि मागताना "फाइव्ह-जी फिल्टरवाला" असं म्हणा. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू झालं, त्याचा एक मुख्य पट्टा ३,३०० ते ३,६७० मेगाहर्ट्झचा. जुना एलएनबी ३,४०० पासून वरचं सगळं ऐकतो, त्यामुळे जवळ टॉवर असेल तर तो बहिरा होतो. फिल्टरवाला ३,७०० ते ४,२०० एवढंच ऐकतो आणि दूरदर्शनसाठी ते पुरतं. बॉक्स डीव्हीबी-एस२ (उपग्रहाच्या सिग्नलची पद्धत) आणि एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवायची पद्धत) चालणारा हवा, त्यात ब्लाइंड स्कॅन, म्हणजे वारंवारता न भरता वाहिन्या शोधायची सोय, असेल तर उत्तम. बॉक्सच्या मेनूत एलएनबीच्या वारंवारतेचा आकडा ५१५० भरा. केबल आरजी-६, मध्ये जोड न देता.

नेम धरणं

पहिला उपग्रह म्हणून ९३.५ अंश पूर्व रेखांशावरचा धरा. तिथे जीसॅट-१५ आहे, ज्यावर डीडी फ्री डिश चालते, आणि शेजारीच जून २०१७ मध्ये सोडलेला जीसॅट-१७, ज्यावर सी-बँड आहे. सोय अशी की गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या घरावर फ्री डिश असतेच. तिची दिशा बघा आणि आपली छत्री त्याच दिशेला वळवा. तिचा कल मात्र उचलू नका. छोटी डिश ऑफसेट असते, म्हणजे तिची फीड मध्यासमोर नसून खालच्या बाजूला असते. ती जवळपास उभी दिसली तरी बघत असते बरंच वर.

पुण्याहून ही दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे १३२ अंश, म्हणजे आग्नेयेच्या किंचित पूर्वेला, कारण आग्नेय १३५ वर. उंची क्षितिजापासून ५९ अंश. नागपूरहून दिशा साधारण १४५ आणि उंची ६०. होकायंत्र महाराष्ट्रात जवळपास खरी उत्तर दाखवतं, पण छत्रीच्या लोखंडाजवळ नाही. दहा पावलं लांब जाऊन बघा. त्याहून खात्रीचा उपाय उन्हाचा आहे. त्या दिवशी सूर्य १३२ अंशांवर किती वाजता येतो ते फोनमधल्या सूर्याच्या ॲपवर काढा. त्या मिनिटाला ओळंब्यातल्या पोलची सावली जमिनीवर खडूने आखून घ्या. सावलीच्या बरोबर उलट दिशेला उपग्रह. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत ही युक्ती पुण्यात चालत नाही, कारण तेव्हा सूर्य दुपारी डोक्यावरून उत्तरेला गेलेला असतो.

उंचीसाठी छत्रीच्या पाठीमागच्या सपाट रिंगवर फोन आडवा ठेवून कोन मोजा. छत्री सरळ वर बघत असेल तर रिंग सपाट, कोन शून्य. आपल्याला ५९ ची उंची हवी, म्हणजे रिंग ३१ अंश कललेली. नवशिके इथे ५९ लावून बसतात आणि दिवसभर भलतीकडे शोधत राहतात.

एलएनबी किती फिरवायचा हा आणखी एक सापळा. उपग्रह सरळ दक्षिणेला नसला की त्याच्या उभ्या-आडव्या लहरी आपल्याला तिरक्या दिसतात. पुण्याहून ९३.५ साठी हा तिरकेपणा हिशोबाने ४५ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे एलएनबी सरळ बसवला तर उभं-आडवं निम्मं-निम्मं मिसळतं आणि बॉक्स पडद्यावर दाखवतो त्या मीटरवर स्ट्रेंथ (सिग्नलचा जोर) भरपूर, क्वालिटी (सिग्नलचा दर्जा) शून्य. छत्रीच्या मागे उभं राहून उपग्रहाकडे बघताना एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायला सुरुवात करा आणि नेमकी जागा क्वालिटीवर ठरवा.

बॉक्स आणि एक छोटा टीव्ही छत्रीजवळच आणा. वर उभं राहून "आलं का?" आणि खालून "थांब, गेलं!" हा खेळ नवऱ्या-बायकोत खेळू नये. चालू असलेली एक सी-बँड वारंवारता बॉक्समध्ये भरा, त्या वेळची यादी बघून, कारण त्या बदलत असतात. उंची ५९ वर पक्की करून छत्री डावी-उजवी फिरवा, अगदी सावकाश. आठ फुटी छत्रीची नजर जेमतेम दोन अंश रुंद असते आणि तिचा काठ दोन सेंटीमीटर सरकला की एक अंश होतो. झटक्यात फिरवली तर उपग्रह मागे राहतो. एक फेरी कोरडी गेली तर उंची अर्धा-पाऊण अंश बदला, पुन्हा फेरी. क्वालिटी उठली की उंची, दिशा, एलएनबीची फिरकी आणि शेवटी फीडचं पुढेमागे अंतर, या क्रमाने थोडं थोडं हलवून आकडा वर न्या.

बोल्ट आवळताना आकडा बघत आवळा, एका बाजूचा अर्धा आटा, मग दुसऱ्या बाजूचा. आवळताना छत्री सरकतेच. सगळं घट्ट झालं की पोल आणि क्लॅम्प यांच्यावर मिळून ऑइलपेंटची एक रेघ मारा, तशीच उंचीच्या बोल्टवरही. वादळानंतर रेघ तुटलेली दिसली तर छत्री हललीय. कनेक्टरवर सेल्फ-फ्यूजिंग टेप गुंडाळा आणि केबलला एलएनबीखाली एक लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी ठिबकून जातं, आत शिरत नाही.

हे सगळं करूनही छत्री पिळलेलीच निघाली, माझ्या पहिलीसारखी, तर ती उताणी करून चार खांबांवर ठेवा आणि कारल्याचा वेल सोडा. माझ्याकडे दोन वर्षं दोडका चढतोय. सूर्यचूल करायचा विचार मात्र लहान मुलं असलेल्या घरात करू नका.

पुण्याकडे साधारण १२ मार्च आणि १ ऑक्टोबरच्या आगेमागे चार-पाच दिवस, सकाळी अकराच्या सुमारास, चित्र पाच-दहा मिनिटं फुटेल. तेव्हा पाना घेऊन गच्चीवर धावू नका. थाळीत बघा: फीडची सावली बरोबर मध्यावर पडलेली असेल. सूर्य उपग्रहाच्या मागून चाललाय, तो पुढे सरकेपर्यंत चहा घ्या.